कागदावरची चार वर्षं

जमिनीखालचं तांबं-जस्त विमानातून कसं शोधतात, हा प्रश्न नागपूरला गेलो की मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा दुर्बीण लावून खाली बघणारा कुणीतरी असतो. त्याची निराशा करणं भाग पडतं. माझी सगळी नोकरी टोरांटोत, पडदे ओढून घेतलेल्या एका खोलीत, कागदाच्या गुंडाळ्या उलगडण्यात गेली. खरगपूरला भूभौतिकी शिकून सत्तरच्या दशकात मी कॅनडात आलो, हवाई सर्वेक्षण करणाऱ्या एका कंपनीत चिकटलो आणि विमानानं आणलेले चार्ट वाचत राहिलो. विमानात बसलो तो क्वचित, आणि बसलो तेव्हा पोट ढवळून निघालं. म्हणून या धंद्याचा जो इतिहास मी सांगणार आहे तो टेबलाच्या बाजूचा आहे. एकतर्फी वाटला तर चालवून घ्या. पुस्तकांत विमानांची नावं आणि यंत्रांच्या सुधारित आवृत्त्यांची जंत्री मिळते. कागदाची दखल कुणी घेत नाही. माझं म्हणणं असं की बऱ्याचशा खाणी कागदावर सापडल्या, आणि कित्येक वर्षं कागदावरच पडूनही राहिल्या.

सुरुवात स्वीडनची. त्या देशाच्या उत्तरेला शेलेफ्टे नदीच्या परिसरात हिमयुगानं मागे ठेवलेल्या माती-गोट्यांचा थर पसरलेला आहे. खडक उघडा दिसेल तर शपथ. हातोडी घेऊन फिरणाऱ्या भूवैज्ञानिकाचं तिथे फारसं काही चालत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत तिथल्या मंडळींनी जमिनीत वीज सोडून, तारांची वेटोळी पसरून खालच्या खडकाचा अंदाज घ्यायला सुरुवात केली. १९२४ च्या डिसेंबरात बोलिडेनला अशाच मोजणीच्या आधारानं ड्रिल मारलं आणि सोनं, तांबं, आर्सेनिक यांचा मोठा साठा लागला. याच पठडीतला हान्स लुंडबर्ग पुढे अटलांटिकच्या पलीकडे आला. न्यूफाउंडलंडमधल्या बुकान्सला १९२६ मध्ये विद्युत मोजणीवरूनच नवा साठा हाती लागला, त्यामागे तोच होता.

यामागचं तत्त्व शाळेतल्या फॅरेडेचंच. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते जमिनीत शिरतं. खाली वीज वाहून नेणारं काही असेल तर त्यात प्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र वर येतं. ते पकडायचं. चाल्कोपायराइट, पायराइट, पिऱ्होटाइट ही तांब्या-लोखंडाची सल्फाइडं एकमेकांना चिकटून सलग असली, तर आजूबाजूच्या ग्रॅनाइटपेक्षा हजारो-लाखो पटींनी जास्त वीज वाहतात. गंमत अशी की जस्ताचं मुख्य खनिज, स्फॅलेराइट, वीज जवळपास वाहतच नाही. जस्ताची खाण सापडते ती तिच्या शेजाऱ्यांमुळे. आणि सोनं? ते टनामागे काही ग्रॅम. असल्या यंत्राला ते थेट दिसणं शक्य नाही, हे नातेवाइकांना पटवणं मला आजवर जमलेलं नाही.

विमानाला यंत्र बांधायची सवय युद्धानं लावली. अमेरिकेत गल्फ कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर व्हाकिए यानं घडवलेलं फ्लक्सगेट चुंबकमापक दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकायला विमानांवर चढलं. युद्ध सरत आलं तशी ती यंत्रं खनिजांकडे वळली. लोखंडासाठी ती उत्तम होती, पण तांब्या-जस्ताचे बरेच साठे चुंबकीय नसतातच. म्हणजे स्वीडिश मंडळींची वेटोळीच वर उचलायला हवी होती. लुंडबर्गनं १९४६ मध्ये, हेलिकॉप्टर ही चीजच नवी असताना, त्याला यंत्र बांधून पाहिलं. विद्युतचुंबकीय पद्धतीचं पहिलं कामाचं विमान मात्र १९४८ मध्ये कॅनडात उडालं. स्टॅनमॅक आणि मॅकफार या कंपन्यांचा तो उद्योग, आणि विमान होतं अ‍ॅन्सन.

अ‍ॅन्सन निवडण्यामागे हिशोब होता. युद्धकाळात राष्ट्रकुलातल्या वैमानिकांना कॅनडात शिकवलं जायचं, त्यासाठी ही विमानं शेकड्यांनी बनवली होती. त्यातल्या एका कॅनेडियन प्रकाराचं धड साच्यात दाबून घडवलेल्या प्लायवुडचं होतं. धातूचं विमान म्हणजे स्वतःच एक भलामोठा कंडक्टर. खालच्या खडकाकडून येणारी कुजबुज त्याच्या स्वतःच्या गोंगाटात बुडून जाते. लाकडी अ‍ॅन्सनच्या पंखांच्या टोकांवरून, नाकावरून, शेपटीवरून प्रसारकाची तार फिरवली आणि ग्राहक वेटोळं एका कवचात घालून केबलनं मागे सोडलं. त्या कवचाला सगळे बर्ड म्हणतात. जंगलावरून शंभर-सव्वाशे मीटर उंचीनं उडायचं आणि मागे बर्ड लोंबकळत असायचा. तो झाडाला अडकला तर केबल क्षणात तोडायची सोय पुढच्या काळातल्या विमानांत असायची. वैमानिक या गोष्टी हसत सांगतात. मी ऐकताना हसत नसे.

पुढे निकेलची बडी कंपनी इन्को या कामात उतरली आणि दिवस पालटले. न्यू ब्रन्सविकमधला हीथ स्टील हा साठा १९५४ मध्ये इन्कोच्या यंत्रणेनं केलेल्या उड्डाणांतून हाती आला. हवाई विद्युतचुंबकीय सर्वेक्षणातून लागलेला पहिला मोठा साठा म्हणून त्याचं नाव घेतात. १९५६ मध्ये मॅनिटोबाच्या रानात थॉम्पसनचं निकेल सापडलं आणि जिथे काही नव्हतं तिथे त्याच नावाचं गाव वसलं. १९५७ मध्ये क्युबेकच्या मातागामीला जस्त लागलं. तीन-चार वर्षांत तीन प्रांतांत तीन साठे. खाणकंपन्यांच्या संचालकांना वाटलं, आता फक्त उडत राहायचं.

उडणं सोपं होतं, ऐकणं अवघड. ही सुरुवातीची यंत्रं प्रवाह सतत सोडत आणि त्याच वेळी परतीचा संकेतही मोजत. परतीचा संकेत मूळ क्षेत्राच्या दशलक्षांशांत मोजावा लागतो. बर्ड वाऱ्यानं हातभर हलला तरी त्याहून मोठा आकडा येतो. यातून वाट काढली टोनी बॅरिंजर यानं. हा इंग्रज माणूस लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकून सिलेक्शन ट्रस्टच्या नोकरीत कॅनडात आला होता. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यानं इनपुट नावाची पद्धत काढली. प्रवाह सतत न सोडता एक-दीड हजारांश सेकंदाचा ठोका द्यायचा, प्रसारक पूर्ण बंद करायचा आणि त्या शांततेत ऐकायचं. देवळात घंटा वाजवून हात काढला की तिचा नाद मागे राहतो. चांगल्या ओतीव घंटेचा लांबतो, तडा गेलेलीचा तिथल्या तिथे मरतो. जमिनीखालचे प्रवाहही ठोका थांबल्यावर असेच विरतात. ओल्या चिकणमातीत झटकन, सलग सल्फाइडात सावकाश. हे विरणं बॅरिंजरच्या यंत्रानं सहा टप्प्यांत मोजायला सुरुवात केली. साठ आणि सत्तरच्या दशकांत इनपुटवर दोन डझनांहून जास्त साठे लागले. मी ज्या खोलीत बसायचो तिथे याच सहा रेषांचं राज्य होतं.

त्या खोलीबद्दल थोडं सांगतो, कारण असल्या खोल्या आता उरलेल्या नाहीत. कागद प्रकाशसंवेदी. उन्हात राहिला तर काळवंडायचा आणि त्यावरच्या रेषा गिळायचा, म्हणून पडदे कायम बंद. गुंडाळी डावीकडून उलगडायची, उजवीकडे गुंडाळत जायची. सहा टप्प्यांच्या सहा रेषा वर, त्यांच्याखाली चुंबकमापकाची, त्याखाली उंची सांगणाऱ्या रडारची, आणि एक रेषा विजेच्या तारांचा साठ सायकलचा गुंजारव पकडणारी. ही शेवटची रेषा फार उपयोगी. सहाही रेषांवर छान उंचवटा आला आणि साठ सायकलची रेषाही त्याच जागी थरथरली, तर समजायचं की खाली हायड्रो या वीजकंपनीचे खांब आहेत, खाण नाही. उंचवटा पहिल्या दोन रेषांवरच उठून मावळला तर माती किंवा दलदल. सहाव्या रेषेपर्यंत टिकला तर पेन्सिल उचलायची. बर्ड विमानाच्या शंभरेक मीटर मागे असतो, शिवाय उंचवट्याचा आकार उडण्याच्या दिशेप्रमाणे बदलतो. म्हणून उत्तरेला जाताना दिसलेला आणि दक्षिणेला येताना दिसलेला एकच कंडक्टर कागदावर एकमेकांपासून सरकलेला असतो. तो फरक काढून नकाशावर वर्तुळ मांडायचं. किती रेषांवर उंचवटा टिकला त्याप्रमाणे वर्तुळ कमी-जास्त भरायचं. गच्च काळं वर्तुळ म्हणजे सहा.

पण वर्तुळ मांडायचं कुठे? जीपीएस नव्हतं. विमानाच्या पोटाखाली ३५ मिलिमीटरचा कॅमेरा जमिनीची अखंड फिल्म काढत जायचा. शेजारच्या खोलीत चार-पाच जणी ती फिल्म भिंगाखाली घेऊन हवाई छायाचित्रांशी जुळवत बसायच्या. हे तळ्याचं टोक, हे नदीचं वळण, हा रेल्वेचा रूळ. उत्तर ओंटारियोतली दलदल मैलोन् मैल एकसारखी. तिथे दोन ओळखीच्या खुणांमध्ये अंदाजानंच रेष ओढावी लागे. खाणकंपनीचं ड्रिल कुठे उभं राहणार हे शेवटी त्या बायकांच्या नजरेवर ठरायचं. त्यांचं नाव मी कुठल्या अहवालात पाहिलेलं नाही, बक्षीस समारंभात तर नाहीच.

आणि मग खरी डोकेदुखी: ग्रॅफाइट. काळ्या शेलमधलं, शिस्टमधलं ग्रॅफाइट सल्फाइडाइतकीच उत्तम वीज वाहतं. सहाही रेषांवर दिमाखात उभं राहतं. गच्च काळ्या वर्तुळांतली बहुतेक ग्रॅफाइटची किंवा निरुपयोगी पायराइटची निघतात, हे या धंद्यातलं उघड गुपित. म्हणून निवडायचे काही ठोकताळे बनले. ओळीमागून ओळ मैलोन् मैल चाललेली वर्तुळांची माळ दिसली की ग्रॅफाइट समजून सोडून द्या. दोन-तीन ओळींपुरता तुटक, एकटा कंडक्टर जवळ करा. सोबत चुंबकमापकाची रेष उसळली असेल तर अधिक बरं, कारण पिऱ्होटाइट चुंबकीय असतं. हे ठोकताळे वाईट नव्हते. पण ग्रॅफाइटच्या माळेला लागूनच बसलेलं तांबं, किंवा अजिबात चुंबकीय नसलेलं जस्त, याच ठोकताळ्यांनी बाजूला पडतं. सर्वेक्षण संपतं तेव्हा नकाशावर शेकडो वर्तुळं असतात, आणि प्रत्येकाखाली भोक पाडायला पैसा कुणाकडेच नसतो. कुठली वर्तुळं सोडायची हे ठरवणं, हाच या धंद्याचा गाभा. हेलिकॉप्टर भाड्यानं मिळतं. ही निवड करणारा माणूस भाड्यानं मिळत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण किड क्रीक. टेक्सास गल्फ सल्फर ही मुळात गंधकाची कंपनी. गंधकाच्या धंद्याला उतरती कळा लागली तेव्हा ती इतर खनिजांच्या मागे लागली आणि १९५७ पासून कॅनडाच्या प्राचीन खडकांच्या प्रदेशावर तिनं हवाई सर्वेक्षण सुरू केलं. एकूण १५,००० चौरस मैलांहून अधिक, म्हणजे आपल्या सगळ्या कोकण विभागापेक्षा मोठा टापू. त्यात ओंटारियोतलं टिमिन्स आलं. टिमिन्स हे १९०९ पासूनचं सोन्याचं गाव. हॉलिंजर, डोम, मॅकिन्टायर या तिथल्या नामांकित खाणी. खडक हुडकणाऱ्यांनी तो परिसर पन्नास वर्षं पिंजून काढला होता. गावाच्या उत्तरेला पंधरा मैलांवर किड टाउनशिपमध्ये मात्र चिकणमाती आणि दलदल. १९५९ मध्ये हेलिकॉप्टर त्यावरून गेलं आणि कागदावर एक अ‍ॅनॉमली उमटली, म्हणजे आजूबाजूच्या मोजणीहून वेगळी उसळी. तिला धरून जमिनीच्या त्या तुकड्याचं नाव पडलं किड-५५.

त्यानंतर काय झालं? काही नाही. चार वर्षं तो कागद पडून राहिला.

कारणं साधी होती. शेकडो अ‍ॅनॉमलींपैकी ही एक. शिवाय तो तुकडा खासगी मालकीचा. ओंटारियो सरकारनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युद्धावरून परतलेल्या सैनिकांना उत्तरेकडच्या जमिनी बहाल केल्या होत्या. त्यामुळे त्या भागात सरकारी जमिनीसारखे चार खुंट ठोकून हक्क सांगता येत नसे. आधी मालक गाठा, मग करार करा. वकिलांच्या पत्रव्यवहाराला कुठलंही यंत्र वेग देत नाही. १९६३ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांत रिचर्ड क्लेटन हा भूभौतिकीचा माणूस यंत्र घेऊन जमिनीवर उतरला आणि विमानानं दाखवलेलं खरंच तिथे आहे याची खात्री करून घेतली. ८ नोव्हेंबरला ड्रिल सुरू झालं. १२ नोव्हेंबरला ६५५ फुटांवर थांबवलं. भूवैज्ञानिक वॉल्टर होलिक यानं कोअर, म्हणजे ड्रिलनं वर काढलेला दगडाचा दंड, डोळ्यांनी पाहून अंदाज बांधला: जवळपास ६०० फूट लांबीवर सरासरी १.१५ टक्के तांबं, ८.६४ टक्के जस्त. रासायनिक चाचणीसाठी कोअर थेट युटाला पाठवला. डिसेंबरात अहवाल आला: ६०२ फुटांवर १.१८ टक्के तांबं, ८.२६ टक्के जस्त, शिवाय टनामागे ३.९४ औंस चांदी. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाला इतकं जवळ जाणं, याचं मला त्या भोकाइतकंच कौतुक वाटतं. हाच माणूस आतल्या बातमीवर शेअर घेताना सापडला, ते पुढे.

पहिल्याच भोकाला असं घबाड लागणं ही अतिदुर्मीळ गोष्ट. पण आजूबाजूची जमीन अजून कंपनीच्या ताब्यात नव्हती. अध्यक्ष क्लॉड स्टीफन्सनं हुकूम सोडला की कंपनीतल्या इतर अधिकाऱ्यांना आणि संचालकांनाही कळता कामा नये. ड्रिल हलवलं. अ‍ॅनॉमलीपासून दूर मुद्दाम एक कोरडं भोक मारलं, म्हणजे कुणी विचारलंच तर दाखवायला रिकामा कोअर तयार. पहिल्या भोकाच्या जागी तोडून आणलेली रोपटी मातीत खोचून ठेवली. हे सगळं न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे; कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं खोडलं असतं. मार्च १९६४ अखेर जमिनीचा बंदोबस्त झाला आणि ड्रिल पुन्हा फिरू लागलं.

मधल्या काळात आतली माणसं शेअर घेत होती. नोव्हेंबरात शेअर १७ डॉलरच्या आसपास होता. एप्रिलमध्ये अफवा वर्तमानपत्रांत पोचल्या, तेव्हा १२ एप्रिलला कंपनीनं पत्रक काढून त्यांवर पाणी ओतलं. चार दिवसांनी, १६ एप्रिलला, तिनंच किमान अडीच कोटी टनांचा साठा जाहीर केला. मेच्या मध्यावर भाव ५८ डॉलरवर होता. अमेरिकेच्या रोखे आयोगानं खटला भरला. १९६८ मध्ये अपील न्यायालयानं स्पष्ट केलं की आतली महत्त्वाची माहिती ज्याच्याकडे आहे त्यानं एकतर ती जाहीर करावी, नाहीतर व्यवहारापासून दूर राहावं. शेअरबाजाराचा कायदा शिकणारी मुलं आजही हा खटला वाचतात. त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असतं की त्याच्या मुळाशी दलदलीवर उडालेल्या हेलिकॉप्टरच्या चार्टवरची एक उसळी आहे?

टिमिन्सला १९६४ च्या उन्हाळ्यात वेड लागलं होतं. खाटीक, न्हावी, शाळामास्तर, सगळे खुंट ठोकायला आणि शेअर घ्यायला धावले. किडच्या जवळच व्हायोला मॅकमिलन या बाईंच्या विंडफॉल कंपनीनं जुलैमध्ये भोक पाडलं. या बाई साध्यासुध्या नव्हत्या. वीस वर्षं त्या खनिजशोधकांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. कोअरमध्ये काय आहे यावर कंपनीनं मौन धरलं आणि सेंटांतला शेअर डॉलरांत गेला. महिनाअखेर कळलं की कोअरमध्ये काही नाही. भाव कोसळला, साधी माणसं बुडाली, चौकशी आयोग बसला आणि १९६६ मध्ये ओंटारियोनं रोखे कायदा नव्यानं केला. विंडफॉलच्या जागचा कंडक्टर यंत्रानं खोटा दाखवला नव्हता. कंडक्टर होता. माल नव्हता. हा फरक सांगायला कुणी पुढे आलं नाही, एवढंच.

किडची खाण १९६६ मध्ये सुरू झाली आणि पुढे जवळपास तीन किलोमीटर खोल गेली. तांब्या-जस्ताच्या खाणींत जगात इतकी खोल दुसरी नाही. विमानानं शोधलेली खाण म्हणून तिचं नाव सगळीकडे येतं. मला ते अर्धसत्य वाटतं. विमानानं १९५९ मध्येच आपलं काम उरकलं होतं. नंतरची चार वर्षं कागद, करारनामा आणि क्लेटनच्या पायाखालची दलदल यांची आहेत.

आपल्याकडेही हे तंत्र लवकर आलं, याची मराठी वाचकाला सहसा कल्पना नसते. १९६७ मध्ये अमेरिकी मदतीनं ऑपरेशन हार्ड रॉक नावाची मोहीम निघाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण तिच्यात होतं, आणि बॅरिंजरचं इनपुट यंत्र राजस्थान, आंध्र आणि तेव्हाच्या बिहारमधल्या सिंहभूमवरून उडालं. खरगपूरला आम्ही त्याच मोहिमेच्या गप्पा ऐकत वाढलो. पण भारतातला जस्ताचा सर्वांत मोठा साठा, भीलवाड्याजवळचा रामपुरा-आगुचा, कसा सापडला? १९७७ मध्ये, राजस्थान सरकारच्या खनिज खात्यातले भूवैज्ञानिक टी. सी. रामपुरिया यांना, जमिनीवर फिरताना. तिथे जुन्या लोकांनी खणल्याच्या खुणा होत्या, गंजून तांबूस झालेला खडक उघडा पडलेला होता. आणि तो साठा बसलाय कुठल्या खडकात? ग्रॅफाइटयुक्त नाइसमध्ये. टोरांटोतल्या आमच्या ठोकताळ्यांनी तो बाजूला टाकण्याचीच शक्यता जास्त होती. मी हे उदाहरण तिथल्या तरुण सहकाऱ्यांना मुद्दाम सांगायचो.

महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टनं झाकलेला. अशा साठ्यांची आशा पूर्व विदर्भातल्या जुन्या खडकांतच. चंद्रपूरकडच्या ठाणेवासनाचं तांबं, नागपूरजवळच्या कोलारी-भावनरीचं जस्त, ही नावं खनिज खात्यातल्या लोकांना पाठ आहेत. तरीही हे यंत्र महाराष्ट्रात गाजलं ते धातूसाठी नव्हे. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय) यांनी डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठाच्या मदतीनं, या शतकाच्या दुसऱ्या दशकात, हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या चौकटीनं देशातल्या सहा ठिकाणी भूजल शोधलं. त्यातलं एक नागपूर जिल्ह्यातल्या चंद्रभागेचं पाणलोट क्षेत्र. ही पंढरपूरची चंद्रभागा नाही. ती वेगळी, आमच्याकडची छोटी नदी. बेसॉल्टच्या थरांखाली गोंडवाना काळातले वाळूचे दगड कुठे, किती खोल आहेत, हे तिथे पाहायचं होतं. खारं पाणी, गोडं पाणी, चिकणमाती, वाळूचा दगड, सगळ्यांची वीज वाहण्याची तऱ्हा वेगळी. ज्या मातीला आम्ही चाळीस वर्षं अडथळा म्हणून शिव्या घातल्या, तिचाच नकाशा काढायला हेलिकॉप्टर आलं. संत्र्याच्या बागायतदाराला तांब्यापेक्षा त्याचं मोल जास्त आहे, आणि त्याचं बरोबर आहे.

यंत्रं सुधारत गेली. चार इंजिनांच्या डॅश-७ विमानावर चढवलेली मेगाटेम यंत्रणा आली, हेलिकॉप्टरखाली टांगायची व्हीटेम आली. २००० मध्ये मेगाटेमनं मातागामीला पर्सिव्हरन्स नावाचा नवा जस्ताचा साठा दाखवला. १९५७ पासून ज्या गावाभोवती सतत शोध चालू होता तिथेच. २००८ ते २०१३ त्यातून माल निघाला. नव्या यंत्राचं श्रेय मी नाकारत नाही, त्यात जोर खरोखरच जास्त होता. पण ओंटारियो-क्युबेकमध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिची जाहिरात होत नाही. तिथे जमिनीवरचा हक्क टिकवायचा तर केलेल्या कामाचा अहवाल सरकारजमा करावा लागतो, आणि काही काळानं तो कुणालाही बघता येतो. बुडालेल्या कंपन्यांचे नकाशे, वर्तुळं, कोअरच्या नोंदी, सगळं कपाटात मिळतं. माझ्या ओळखीचे कित्येक जण नव्या उड्डाणावर एक डॉलर खर्चण्याआधी आठवडेच्या आठवडे त्या कपाटांपुढे बसत.

आपल्याकडे असं कपाट उघडायला उशीर झाला, पण ते उघडलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार संगणकावर खुलं केलं. नागपूर, चंद्रपूर, अमरावतीला भूविज्ञान शिकणाऱ्या मुला-मुलींना माझं सांगणं आहे: आपल्या जिल्ह्यावर नवं हेलिकॉप्टर कधी येणार हे विचारत बसू नका. आधी तिथे नाव नोंदवा, आपल्या भागाचे जुने नकाशे उतरवून घ्या, आणि कुठल्या अ‍ॅनॉमलीवर अजून कुणी ड्रिल मारलेलं नाही त्यांची यादी करा.